उंदीर पडलेला रांजण

मित्रांनो, आज मला हातात घेतलंत तर तुम्हाला दोन तळव्यांएवढं एक खापर दिसेल. बाहेरून धुराने काळं, आतून तांबूस. एका कडेजवळ कुंभाराच्या अंगठ्याचा ठसा आहे. मी कधीकाळी कमरेएवढा रांजण होतो, हे मला सांगूनच पटवावं लागतं.

माझी माती यहूदाच्या डोंगरातल्या एका ओढ्याकाठची. कुंभाराने ती पायांनी तुडवली, खडे वेचले आणि तिच्यात जुन्या फुटक्या भांड्यांची बारीक पूड मिसळली. नुसती माती भट्टीत आकसते आणि तडकते. एकदा भाजून निघालेली पूड पुन्हा आकसत नाही. ती नव्या मातीला सांभाळून धरते. मी भट्टीतून धड बाहेर आलो तो त्या पुडीमुळे. माझ्या अंगाला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं होती. त्यांतून आतली ओल बाहेर जाई. धान्य राखणाऱ्या भांड्याला एवढा एक गुण पुरतो.

मला गावात आणलं ते अखबोर नावाच्या शेतकऱ्याने. अखबोर म्हणजे उंदीर. आमच्या लोकांत मुलाचं असं नाव ठेवत. राजांच्या काळात या नावाची मोठी माणसंही होऊन गेली. पण अखबोरच्या थोरल्या भावाची बायको, शफीरा, हिला त्या नावाचं हसू आवरत नसे. दोन्ही भावांची घरं एकाच अंगणात होती. थोरला हिल्कीया आणि शफीरा मोठ्या घरात राहत. त्यांचा तेलाचा घाणाही होता. अखबोर आणि त्याची बायको तबीथा समोरच्या लहान घरात.

शफीराच्या दारात चुनखडीचा दगडी रांजण होता. तो माझ्याकडे पाहत नसे. त्याचंही बरोबर होतं. मोशेच्या नियमाने जे आठ सरपटणारे जीव अशुद्ध ठरवले, त्यांत उंदीर आहे. तो मरून मातीच्या भांड्यात पडला, तर ते भांडं फोडावं लागतं. धुऊन, घासून, उन्हात ठेवून भागत नाही. दगडाला मात्र विटाळ लागत नाही, असं आमचे जाणते सांगत.

"एखादा दगडाचा घे गं," शफीरा अंगण झाडता झाडता म्हणायची. "मातीचं काय, एक उंदीर पडला की संपलं. आणि तुझ्या घरात तर केवढा मोठा उंदीर फिरतोय!"

"माझा उंदीर उन्हातान्हात राबतो, जाऊबाई," तबीथा म्हणायची. "तुमचा बोका सावलीला झोपलाय तो बघा आधी."

तेव्हा या बोलण्यात निदान हसू तरी होतं. मग एका उन्हाळ्यात अखबोर तापाने गेला. हसू गेलं आणि नुसतं बोलणं उरलं.

अखबोरमागे तबीथा होती, त्यांची लहान मुलगी केत्सीया होती आणि झऱ्याखालचं एक शेत होतं. गावातली सगळ्यांत मऊ जमीन. हिल्कीयाचं शेत वरच्या अंगाला, खडकाळ. आमच्या गावाची रीत अशी की पेरणीच्या पावसात ज्याचं शेत पडीक राहील, ते जवळच्या नातलगाने कसायला घ्यायचं. घेतलेलं शेत परत मागायची सोय होती, पण परत मिळाल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

तबीथाने त्या वर्षीच्या गव्हातला उत्तम गहू बियाण्यासाठी माझ्यात भरला. स्वतः मायलेकींनी जवाच्या भाकरी खाल्ल्या. माझ्या तोंडावर लाकडी झाकण आणि झाकणावर दगड. रोज सकाळी ती येऊन माझ्या अंगावर हात ठेवी आणि म्हणे, "सांभाळ रे बाबा." माझं एवढं कौतुक आधी कोणी केलं नव्हतं. मी अंगातली सगळी छिद्रं उघडी ठेवून तो गहू कोरडा राखला.

जैतुनाची फळं उतरवायचे दिवस आले. सगळं गाव झाडांखाली होतं. दुपारी शफीरा डोकं दुखतंय म्हणून घरी परतली. थोड्या वेळाने लहान घराचं दार वाजलं. ती आत आली. तिच्या हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. तिने दगड उतरवला, झाकण अर्धं सरकवलं आणि फडकं माझ्यात झटकलं.

तो उंदीर होता. मेलेला, गार. त्याच्या केसांना काळा चिकट गाळ लागला होता.

मित्रांनो, उंदराशी माझं जन्माचं वैर. माझ्या बुडाशी त्याच्या भाऊबंदांनी किती दात घासले असतील! पण त्या दुपारी तो माझ्यात पडून होता तेव्हा मला त्याचा राग येईना. तो काही आपल्या पायांनी आला नव्हता. शफीरा झाकण तसंच अर्धं उघडं टाकून निघून गेली. मला तोंड होतं, पण बोलता येत नव्हतं.

ऊन कलण्याआधी बायका परतल्या. शफीरा अंगणातच उभी होती.

"तबीथा, बियाणं तपासलंस का? ढग येतायत. बघू तरी दे, कसं आहे ते," ती मोठ्याने म्हणाली, दोन-चार शेजारणींना ऐकू जाईल असं.

"माझ्या बियाण्याची तुम्हाला कधीपासून काळजी?"

"घरचीच आहे मी. चल."

सगळ्या आत आल्या. झाकण पाहून तबीथाचा चेहरा उतरला. तिने आत वाकून पाहिलं आणि हात तोंडावर नेला. मागून शफीराने आरोळी ठोकली, "उंदीर! बाई गं, उंदीर पडलाय बियाण्यात!"

अंगण भरायला वेळ लागला नाही. म्हातारा नखुन्या आला. तो याजकांच्या कुळातला. शुद्ध-अशुद्धाचा निवाडा गाव त्याच्याकडेच नेई. हिल्कीयाही घाण्यावरून हात पुसत आला. मला चौघांनी उचलून अंगणात आणलं.

नखुन्या दोन हात लांब उभा राहिला. "बियाणं कोरडं असेल तर त्याला काही होत नाही," तो म्हणाला. "पेरायच्या कोरड्या दाण्यावर मेलेला उंदीर पडला तरी दाणा शुद्धच. नियमात स्पष्ट आहे."

तबीथाने डोळे मिटून श्वास सोडला.

"कोरडं?" शफीरा पुढे झाली. "बाबा, हिने ते धुऊन भरलंय. पोचट दाणे तरंगून जावेत म्हणून पाण्यात घातलं आणि वाळवून भरलं. मी या डोळ्यांनी पाहिलंय. मालकाने हाताने पाणी लावलेलं बियाणं पुन्हा वाळलं तरी विटाळ धरतं, हेही नियमातच आहे ना?"

"आहे," नखुन्या म्हणाला.

"खोटं बोलतेय!" तबीथा ओरडली. "थेंब लावला नाही मी! लबाड बाई, माझ्या लेकीच्या तोंडचा घास काढतेस?"

"लबाड कोणाला म्हणतेस गं? उंदराची बायको ती उंदराची बायको!" शफीराने शेजारणींकडे पाहिलं. "आपल्या वैऱ्यांनी, पलिष्ट्यांनी, देवाचा कोश, तो पवित्र पेटारा, लढाईत उचलून नेला, तेव्हा देवाने त्यांच्या शेतांत उंदीर सोडले. का? तर दुसऱ्याची वस्तू दाबून बसले होते म्हणून. आता हिच्याच रांजणात उंदीर का पडावा? शेत कुणाचं होतं? माझ्या सासऱ्याचं. आणि त्यावर बसलीय कोण?"

एक-दोन बायकांनी माना डोलावल्या. उंदीर देवाने पाठवला म्हटलं की आमची माणसं घाबरतात. मला वाटलं, संपलं. हा सगळा गहू आता उकिरड्यावर जाणार. पाऊस येईल, शेत रिकामं राहील आणि हिल्कीयाचा नांगर झऱ्याखाली उतरेल.

"गोष्ट काढलीस तर पुरती सांग, शफीरा," नखुन्या म्हणाला. "पलिष्ट्यांनी कोश परत केला आणि वर सोन्याचे उंदीर करून दिले. आपला अपराध त्यांनी आपल्या हाताने घडवून जगाला दाखवला. आपल्यात तेवढं धाडस कोणाकडे आहे ते मला माहीत नाही. आणि एकटीच्या साक्षीवर मी निवाडा करत नाही. रांजणालाच विचारू. हिल्कीया, तो उंदीर काढ आणि हात आत घाल. तळापर्यंत."

हिल्कीयाने बाही वर केली. उंदीर शेपटीला धरून त्याने बाहेर काढला आणि टाकणार तेवढ्यात थांबला. त्या काळ्या गाळाचा वास त्याच्या ओळखीचा होता. जैतून पिळल्यावर घाण्याच्या तळाशी जो साका राहतो, तोच. गावात घाणा एकच होता. त्याने बायकोकडे पाहिलं. ती दुसरीकडे पाहत होती.

मग त्याने हात माझ्यात घातला. खांद्यापर्यंत. दिवसभराच्या कामाने तो घामेजलेला होता. त्याची बोटं माझ्या तळाला लागली. खळ्यातून आलेल्या गव्हाबरोबर धूळ आणि बारीक कोंडा येतोच. धुतला की तो जातो. हे हिल्कीयाला शिकवायला नको होतं. तो हात तसाच आत ठेवून उभा राहिला. त्याला बहुतेक झऱ्याखालचं शेत दिसत असावं.

"काढा ना हात बाहेर," शफीरा म्हणाली. "किती वेळ?"

त्याने हात काढला. बोटांपासून खांद्यापर्यंत तो पांढुरका झाला होता. धुळीवर कोंड्याची सालं चिकटली होती.

"काय म्हणतो गहू?" नखुन्याने विचारलं. "तू शेतकरी आहेस, मी नाही. तूच सांग."

हिल्कीयाने बोटांवरची सालं चोळून पाहिली. "खळ्यावरचा आहे," तो म्हणाला. "पाणी लागलेलं नाही."

"अहो!" शफीराचा आवाज चिरका झाला.

"गप बस. उंदीर कुठला आहे तेही सांगू का?"

शफीरा गर्रकन वळली आणि मोठ्या घराचं दार तिने असं आपटलं की दगडी रांजणातलं पाणी हललं.

"साका लागलेले वरचे दाणे काढून टाका," नखुन्या म्हणाला. "बाकीचं बियाणं शुद्ध आहे. पेर, मुली."

तबीथा रडत रडत हसली. माझ्या काठाला लावायला तिने हात पुढे केला.

"त्याला शिवू नकोस," नखुन्या म्हणाला. "रांजण फोडावा लागेल."

"का? त्याने काय केलं? पाप तिचं आणि भांडं माझं?"

"नियम पाप कुणाचं ते विचारत नाही. उंदीर कशात पडला एवढंच विचारतो."

"तुमच्या नियमाला डोळे नाहीत, बाबा."

मोठ्या घराच्या खिडकीतून शफीराचा आवाज आला, "फोड की! दगडाचा घे म्हणून किती वेळा सांगितलं होतं!"

गहू पोत्यांत गेला. मग तबीथाने मुसळ आणलं. हिल्कीया म्हणाला, "दे, मी फोडतो." ती म्हणाली, "भावोजी, तुमच्या घराने आज पुरेसं केलंय." तिने एकच घाव घातला, पण त्यात खिडकीतल्या बाईवरचा सगळा राग होता. तो माझ्या पोटावर बसला.

पाऊस आला. झऱ्याखाली गहू उगवला. अंगणाच्या मधोमध तबीथाने छातीएवढी भिंत घातली. तिच्या दगडमातीला हिल्कीयाने न बोलता हात लावला, शफीराने नाही. माझे बरेचसे तुकडे कुंभार घेऊन गेला. ते कुटून त्याने नव्या मातीत मिसळले आणि तबीथासाठी नवा रांजण घडवला. तो माझ्याच आधाराने उभा आहे, पण त्याला ते ठाऊक नाही. मी, हा एवढा तुकडा, चुलीपाशी राहिलो. फुटलेल्या खापराला विटाळ उरत नाही, म्हणून माझ्यावर निखारे ठेवून इकडून तिकडे नेत.

एका हिवाळ्यात तीन दिवस पावसाने उसंत घेतली नाही. शफीराची चूल विझली. घरात हिल्कीया तापाने पडला होता. ती भिंतीपाशी येऊन उभी राहिली, डोक्यावर घोंगडी घेऊन. हाक मारायला तिची जीभ उचलेना.

तबीथाने तिला पाहिलं. चुलीतला एक मोठा निखारा तिने माझ्यावर घेतला आणि भिंतीवरून पुढे केला.

शफीराने मला ओळखलं. अंगठ्याचा ठसा तिच्याच बाजूला होता. "दुसऱ्या कशावर दे," ती म्हणाली. "हे खापर नको."

"शुद्ध आहे ते. नखुन्याबाबांना विचारा हवं तर."

"तबीथा..."

"घ्यायचं तर घ्या, जाऊबाई. निखारा भिजतोय."

तिने मला दोन्ही हातांत घेतलं. निखाऱ्याने मी तापलो होतो, तिचे तळवे भाजत होते, तरी तिने मला टाकलं नाही. अंगण ओलांडून दारापर्यंत ती तशीच चालत गेली. दुसऱ्या दिवशी मी भिंतीवर होतो, राखेसकट. धुऊन ठेवण्याएवढी काही ती बदलली नव्हती.

मित्रांनो, भांड्यांवर झाकण ठेवा. धान्य कोरडं राखा. उंदराला घरात शिरू देऊ नका, तो धान्याचा शत्रूच आहे. पण कधी तुमच्या रांजणात मेलेला उंदीर सापडला, तर भांडं फोडायच्या आधी त्याच्या केसांना काय लागलंय ते एकदा नीट बघा. माझ्या वेळी ते पाहणारा एक माणूस होता. मला तो वाचवू शकला नाही. गहू वाचला.