मी डावे नाही

मी एक जुने खांद्याचे पाते आहे. उजव्या खांद्याचे. मित्रांनो, हे सुरुवातीलाच ठणकावून सांगते, कारण शरीररचनेच्या वर्गातले सगळे मला वर्षानुवर्षे डावे म्हणत आले.

माझा धनी सुतार होता. त्याच्याबरोबर करवत ओढून मी चांगले दणकट झाले. "मेल्यावर तरी पोरांच्या उपयोगी पडेन," असे मुलीला सांगून त्याने देहदान केले. मी महाविद्यालयाच्या कपाटात आले. तिथे कोणीतरी घाईघाईत माझ्या खोलगट बाजूला शाईने 'डावे' लिहिले आणि सगळा घोळ झाला. विद्यार्थी पुस्तकातली वर्णने घोकत, परीक्षेत हळूच शाई पाहत आणि "डावं" म्हणून मोकळे होत. परीक्षकही मान डोलावत. तेही माझ्यावरच शिकलेले! माझा नुसता संताप होई, पण हाडाला जीभ कुठली?

मग वहिनी आल्या. वर्गात सगळ्यांत मोठ्या, एका लेकराच्या आई, म्हणून सगळे त्यांना वहिनी म्हणत. एकदा नापास झाल्या होत्या. पुन्हा झाल्या तर शिक्षण सोडून घरी बसावे लागणार होते. घोकंपट्टी काही जमेना. तेव्हा त्यांनी हाडे कापडी पिशवीत घातली. डोळे मिटून एकेक काढायचे, बोटांनी चाचपायचे, स्वतःच्या अंगाला लावायचे आणि मगच बोलायचे.

"वहिनी, भाजी निवडताय का?" मुले चिडवत.

"हो, किडकी बाजूला काढतेय," म्हणत त्या पुढच्या हाडाला हात घालत.

तोंडी परीक्षेत नेमके मीच त्यांच्या वाट्याला आले. त्यांनी डोळे मिटले, मला चाचपले.

"उजवं," त्या म्हणाल्या.

"डोळे उघडून नीट बघा," परीक्षक म्हणाले.

त्यांनी पाहिले आणि प्रथमच त्यांना शाई दिसली. चेहरा खर्रकन उतरला. शब्द फिरवला असता तर सहज सुटल्या असत्या. माझा जीव टांगणीला लागला.

"सर, लिहिलंय डावं. पण हाड उजवंच आहे."

"म्हणजे इतकी वर्षं सगळे चुकले?"

"ते मला माहीत नाही. तुम्ही स्वतःच्या खांद्याला लावून बघा. टोक खाली, हाडावरचा हा उंच कणा मागे, सांध्याची खोबण बाहेर."

परीक्षकांनी मला डाव्या खांद्याशी धरले. खोबण पाठीच्या मणक्याकडे वळली. फिरवून धरले, तर माझा उंच कणा छातीकडे आला. शेवटी ते मला उजव्या खांद्याशी घेऊन गेले आणि मी तिथे फिट्ट बसले.

"मीही डावंच सांगून पास झालो होतो," ते पुटपुटले. वहिनींना त्यांनी पास केले.

हल्ली संगणकाच्या पडद्यावर हाडे गरगर फिरतात आणि मला अडगळीत टाकायच्या गोष्टी चालल्या आहेत. टाकून तर बघा! मित्रांनो, मला पाडू नका, मऊ कापडाने पुसा. पण जपायचे म्हणून काचेआड कोंडूही नका. हाताळल्याशिवाय मी कोणालाच कळत नाही. आणि कोणी कितीही मोठा माणूस मला डावे म्हणाला, तरी त्याला बेधडक सांगा, आधी खांद्याला लावून बघा.