चार-दोन मेंढरं

नीलमचं लग्न पोखर्णीला नरसिंहाच्या देवळापाशी लागलं, त्याच साली तिची धाकटी बहीण दीपिका रेडिओच्या परीक्षेत नापास झाली. वैशाखात वरात गेली आणि आषाढात दीपिका बॅग घेऊन राणीसावरगावला घरी आली. विमान चालवायला शिकत होती ती. उडायचे तास भरत आले होते, अडलं होतं ते बोलण्यावर. विमानतळावरच्या टॉवरशी रेडिओवरून कसं बोलायचं, याची तोंडी परीक्षा पास झाल्याशिवाय लायसन नाही. दुसरी खेप कार्तिकात होती.

तिचा आजा ग्यानबा त्या दिवसांत फार थकला होता. मेंढरं त्यानं हरिओमकडं, दीपिकाच्या बापाकडं सोपवली होती आणि स्वतः दिवसभर लिंबाखाली बाजेवर पडून असायचा. हृदय पार थकलंय, आता जास्त दिवस नाहीत, असं परभणीच्या डॉक्टरनं सांगितलेलं. ते फक्त त्याला आणि भिवराबाईला माहीत. पोरीची परीक्षा होईस्तोवर कुणापाशी बोलायचं नाही, असं त्यानं बायकोला बजावलं होतं. कळलं तर दीपिका घरातून हलायची नाही.

सरावाला तिला कुणीतरी टॉवर लागायचा. तो झाला ग्यानबा. त्यानं पडल्या पडल्या हात वर केला, की तिनं बोलायचं; बोलून झालं, की त्यानं पुन्हा हात वर करायचा, म्हणजे ऐकलं.

एका दुपारी ती बोलली तरी हात वर गेलाच नाही. भिवराबाई लसूण सोलत होती. म्हणाली, "अवं टॉवर, झोपलाव का? पोरगी कवाची इचारायलीय, खाली येऊ का म्हणून."

"येऊ दे की. म्या काय आडवा पडलोय व्हय?"

"आडवेच तर पडलाव!"

दीपिका हसली आणि लगेच कपाळाला हात लावून बसली. "पुन्हा राह्यलं, आबा. विमानाच्या नावाच्या शेवटी 'हेवी' म्हणायचं राह्यलं."

"ते काय अस्तंय?"

तिनं सांगितलं. विमानांचे वजनावरून वर्ग असतात. विमान भारी वर्गातलं असलं, की टॉवरशी पहिल्यांदा बोलताना आपल्या नावाला 'हेवी' जोडायचं. एकदमच अजस्र असलं तर 'सुपर'. परीक्षेत तिला भारी विमान दिलं होतं आणि तिनं नेमका तोच शब्द गिळला. साहेबानं टोकलं, मग पुढचं सगळंच विस्कटलं.

"येवढाच शब्द, अन् तोच कामून इसरतीस?"

"इसरत न्हाई. तोंडाशी येतोय अन् अडतोय. आपण लय मोठे हाव, असं आपणच कसं सांगायचं? तुमीच शिकवलंय."

ते खरंच होतं. वाटेत कुणी किती मेंढरं म्हणून विचारलं, तर वाघर, म्हणजे जाळीचा वाडा, भरून मेंढरं असली तरी "हायेत चार-दोन" म्हणायचं. खरा आकडा सांगितला की नजर लागते. दीपिका लहान असताना एका वाटसरूला हौसेनं म्हणाली होती, "लय हायेत, मोजताच येत न्हाईत!" त्या पावसाळ्यात रोगानं निम्मी मेंढरं गेली. घरात तिला कुणी शब्दानं बोललं नाही. पण पोरीनं ते धरून ठेवलं होतं.

"मंग टॉवरला कामून सांगावं लागतंय?"

"मागच्यासाठी. भारी विमान गेलं की मागं हवेत भोवरे राहतेत. दिसत न्हाईत. लहान विमान जवळून आलं तर उलटतंय. पुढच्यानं आधी सांगितलं, की टॉवर मागच्याला लांब ठिवतो."

ग्यानबा हाताचा रेटा देऊन उठून बसला. तेवढ्यानंही दम लागला. भिवराबाईनं लसूण खाली ठेवला. तो आता सांगणार, हे तिला कळलं.

"दीपे, तू रोज तब्येतीचं इचारतीस अन् म्या म्हणतो, चार-दोन दिसाचा थकवा हाय. तसं न्हाई. लय हाय. डॉक्टरनं हात टेकलेत."

"कवापासून?"

"नीलमच्या हळदीच्या आधीपासून."

"मी जात न्हाई परीक्षेला."

"म्हणूनच बोलत नव्हतो. पण तिथं असताना अचानक फोन आला असता, तर? आता ऐकलंस. ऐकून जायचं."

ती उठून वाघरीकडं गेली. त्या दिवशी सराव झाला नाही.

दुसऱ्या दिवशी स्वतःच बाजेपाशी येऊन बसली. डोळे सुजलेले. ग्यानबानं हात वर केला. तिनं विमानाचं नाव घेतलं, थांबली, आणि 'हेवी' असं ओरडली, की वाघरीतल्या कोकरांनी माना वर केल्या. भिवराबाई मूठभर मीठ-मिरच्या घेऊन धावली. "टॉवरला काय बी सांग. नजर ती नजरच," म्हणत तिच्यावरून उतरवून टाकल्या. पुढं कार्तिकापर्यंत हे रोजचंच झालं. शब्द अडायचा बंद झाला.

दीपिका परीक्षेला गेली आणि तशीच पुढं उरलेले तास उडायला. पास झाल्याचा फोन मार्गशीर्षात आला. भिवराबाईनं तो ग्यानबाच्या कानाला लावला. त्याला बोलायला दम नव्हता.

"आबा? ऐकू येतंय का?"

भिवराबाईनं फोन आपल्याकडं घेतला. "टॉवरनं हात वर केलाय, बाय."

ग्यानबा त्याच पौषात, संक्रांतीनंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी घरीच वारला. दीपिका आदल्या दिवशीच येऊन पोचली होती.