एकतिसावा ब्रश

“दोरे कुठे गेले गं?” मावशींनी विचारलं. खांद्याला पिशवी होती, पायांत चपला होत्या आणि गाडी सुटायला तासभर उरला होता.

“कापले,” नवी मदतनीस म्हणाली. “तुम्हीच सांगितलं ना, ओलं राहतं तिथे जंतू होतात. दोरे सदा ओलेच. सगळे कापले आणि ब्रश धुऊन ठेवले.”

धुतले होते खरे. झटकून, डोकी वर करून, एकमेकांना न टेकवता दात घासायचे तीस ब्रश फळीच्या भोकांत उभे होते. आठ दिवसांत शिकवलेलं सगळं तिने मन लावून केलं होतं. फक्त आता कुठला ब्रश कुठल्या पोरीचा, हे कळायला मार्ग नव्हता. ब्रश सगळे एकाच रंगाचे, वसतिगृहातल्या मुली पाच-सहा वर्षांच्या. म्हणून तर मावशींनी प्रत्येकीला दोऱ्याचा वेगळा रंग दिला होता. आता रागवायलाही तोंड उरलं नव्हतं.

अधीक्षक बाई आल्या. “नवे ब्रश यायला आठ दिवस आहेत. मागे एकीच्या तोंडात फोड आले आणि पंधराजणी आजारी पडल्या, आठवतंय ना?”

न आठवायला काय झालं? त्याच पंधरवड्यात लेकीचं पहिलं बाळंतपण शेजारणीने केलं होतं. आता दुसऱ्याचे दिवस भरत आले होते. या खेपेला आपण येऊ, असा मावशींनी शब्द दिला होता.

त्या मांडीवर पिशवी घेऊन बसल्या. “आण दोरे. हा चावरीचा, दांडीवर दात उमटलेत. हा त्या लबाड पोरीचा. घासते कुठे, नुसती पेस्ट चाटते, म्हणून कोरा. हा रडूबाईचा, एकाच बाजूने झिजलाय. तिची डावी दाढ दुखते.”

तीसही ओळखले. तोवर गाडी गेली होती.

“पाहिलंत?” अधीक्षक बाई खूश होत्या. “तुमच्याशिवाय कुणाला जमलं असतं? आता नवे येईपर्यंत राहाच. पुन्हा मिसळले तर ओळखणार कोण?”

मावशी स्वतःवरच चिडल्या. चार-दोन ब्रश ओळखले नसते तर काय बिघडलं असतं.

“आई, बसलीस का गाडीत?” फोनवर लेकीने विचारलं.

“नाही गं. आठ दिवस...”

लेक म्हणाली, “बरं. शेजारच्या काकूंना विचारते.”

मावशींनी पिशवी उघडली, आपला ब्रश काढला आणि फळीच्या सकाळीच रिकाम्या केलेल्या शेवटच्या भोकात उभा केला. शेजारच्याला टेकत तर नाही ना, तेही पाहिलं.