ओल्या बाभळीचा खोडा

लोक इचारतात, वाढईबुवा, तुमच्या धंद्यात सगळ्यात अवघड काम कोनतं? मी म्हनतो, गाडीचं चाक. सगळे वाढई हेच सांगतात, मंग मीबी सांगतो. खरं सांगितलं तं मानूस चहा पेता पेता उठून जाईन.

खरं म्हनजे माह्या हातून सगळ्यात अवघड काम झालं ते दोन हात लांबीचं. खोडा. पाय अडकवाचा खोडा. अन् तो केला माह्याच पोरीसाठी.

तिचं नाव आमी ठेवलं कोकिळा. पाळन्यात होती तवा गोड हुंकारे, म्हनून आत्यानं कानात तेच नाव सांगितलं. चालाले लागली अन् चावाले लागली, दोन्ही एकाच महिन्यात. बोलनं चार शब्दाचं. भूक, पानी, बाबा, नाई. त्यातलं 'नाई' लय साफ म्हने. नऊ वर्साची झाली तवा अंगानं बारा वर्साच्या पोरीवानी दांडगी, अन् राग आला का हाताले लागन ते फेके. राग काऊन आला ते आमाले आजवर समजलं नाई. तिलेबी समजत नसन.

झुंबरचे, म्हनजे माह्या बायकोचे, समोरचे दोन दात नाईत. मुसळ लागलं. लोकाइले सांगे, न्हानीत पाय घसरला. हातावरच्या चावल्याच्या खुना कशाच्या, हे कोनी इचारलं नाई. समद्याइले ठाऊक होतं. झुंबर जेवे ते भिंतीले पाठ लावून, उभ्यानं. सहा वर्सं तिनं पाट घेतला नाई. कोकिळाच्या पाठीवर एक पोरगा झाला होता. तो दीड वर्साचा असतानी कोकिळानं पाळना उलटा केला. दुसऱ्याच दिवशी त्याले मामाकडं मेहकरले ठेवून आलो, आठ दिवसासाठी म्हनून. ते आठ दिवस अजून सरले नाईत. तो मामीले माय म्हने, अन् झुंबर भेटाले गेली का म्हने, मोताळ्याची बाई आली.

तो मोताळ्याची म्हने, पन आमचं गाव मोताळ्याहून दोन कोस आत. तवा जर्मनची लढाई चालू होती, राकेल परमिटावर भेटे. इलाज कराचे ते आमी केले. अंगारा झाला, ताईत झाला. मोताळ्याच्या बाजारी एक डाक्टर येऊन बसे, त्यानं कडू पुडी देली. ती कोकिळानं त्याच्याच तोंडावर थुंकली. संगं आमचा शेजारी होता, सईद पिंजारी. तो म्हने, "निवृत्ती, दवा बराबर हाये यार. फक्त चुकीच्या तोंडात गेली."

सईद असा. गाद्या भरे, रुई पिंजे, अन् दुसऱ्याच्या दुखाले हसून हवा देई. पन भाकर घेऊन येनारा तोच होता.

एकच गोष्ट होती, जी केली का पोरगी शांत. गेरूचं सूत. फळीवर सरळ रेघ माराची तं आमी दोरी गेरूत भिजवतो, दोन टोकं ताणून धरतो, अन् मधात चिमटीनं उचलून सोडून देतो. फट्ट आवाज येते अन् लाल रेघ उमटते. दुसरं टोक धराले मानूस लागते. कोकिळा धरे. दोन्ही हातानं, जीभ बाहेर काढून, जसं काय देवाचं काम करून राह्यली. रेघ उमटली का हासे. पन दिवसभर कोन रेघा मारते? पाच-सहा मारल्या का सूत ठेवून देवा लागे, अन् मंग पुन्हा तेच.

वैशाखाचा महिना. पेरनीच्या आधी अख्ख्या गावाच्या तिफनी, वखरं माह्या अंगनात येऊन पडत. पाटील भगवंतराव, त्याइची तिफन भराले, म्हनजे दुरुस्तीले, घेऊन गडी आला, संगं पाटलाचा सहा वर्साचा नातू. मी करवतीले दात लावून राह्यलो होतो. कोकिळानं बाभळीचा ठोकळा उचलला अन् फेकला. पोराच्या कपाळाले लागला. रगत डोळ्यात गेलं तवा त्याचं रडनंच बंद झालं.

संध्याकाळी पाटील सोता आले. वरडले नाईत, त्याचीच मले जास्त भीती वाटली. बाजेवर बसले, पानी पेले.

"निवृत्ती, तुह्या बापानं माह्या बापाची तिफन भरली. म्हनून बोलून राह्यलो. आज नातवाचा डोळा वाचला. उद्या कोनाचा जाईन."

"हो पाटील."

"हो काय? बांध तिले. तू वाढई हायेस, खोडा कर. आठ दिवसानं मी पाहाले येतो. नाई तं मले ठान्यात लिहून द्या लागते. तिथून तिले नागपूरच्या पागलखान्यात नेतीन. मंग तू अन् मी दोघंबी काई करू शकत नाई."

ते गेले. मी झुंबरकडं पाहालं. मले वाटलं रडन. ती म्हने, "बनवा."

"अवं, पोरगी हाये ते. वासरू नाई."

"नागपूरले गेली तं मले पुन्हा दिसन का? घरात राह्यली तं दिसन तरी." मंग भिंतीले टेकली. "अन् मले एक दुपार झोपू द्या हो. एकच. मंग काय कराचं ते करा."

त्या बाईनं नऊ वर्सात मले पहिल्यांदा काई मांगितलं होतं.

आता चूक सांगतो. अंगनात वाळेल लाकूड बख्खळ पडेल होतं, पन एकबी तुकडा माहा नाई. तिफनीचं लाकूड शेतकरी आनते, ते त्याचं. त्यातली ढलपीबी वाढई इचारल्याशिवाय चुलीत घालत नाई, बापानं हे लहानपनीच शिकवलं. माह्या सोताचं होतं ते एक बाभळीचं खोड, पंधरा दिवसाआधी पाडेल. ओलं. त्याच्यातून अजून पानी सुटत होतं. लोकाच्या तिफनीले मी ओलं लाकूड कधी लावलं नाई. कोनी लावा म्हनलं तं शिव्या देऊन हाकलून देल्लं असतं. ते वाळतानी पीळ धरते, हे वाढयाच्या लेकराले बी समजते. पन मनात म्हनलं, आठ दिवसाचं काम हाये. पाटील पाहून जातीन, मंग काढून टाकू.

माप घ्याले तिले फळीवर उभं केलं. घोट्याभवती सूत गुंडाळलं. तिले वाटलं खेळ हाये. दुसरा पाय तिनं आपल्या मनानं पुढं केला, म्हने, "बाबा." मी म्हनलं, एकच पुरे बाई.

दोन फळ्या एकावर एक. दोन्हीत अर्धा अर्धा चंद्र कापला, पाय मधात. एकीकडं चामड्याची बिजागरी, एकीकडं आरपार खुंटी. आतून रंधा मारला, गुळगुळीत केलं. काम चांगलं झालं, हे सांगाची लाज वाटते.

पाय घातला तवा ती दोन दिवस वरडली. अख्खं गाव आयकत होतं, कोनी आलं नाई. सईद आला. दारात उभा राह्यला, पाहालं, अन् पहिल्यांदा त्याले मजाक सुचली नाई. नुसता म्हने, "या अल्ला," अन् गेला.

तिसऱ्या दिवशी वरडनं थांबलं. झुंबर दुपारी झोपली. आडवी पडली अन् मेल्यावानी झोपली, तोंड उघडं, दोन दाताची फट दिसे. उठली अन् पाट मांडून जेवली. मी तिच्यासमोर बसून जेवलो. ठेचा होता अन् ज्वारीची भाकर. खोटं काऊन बोलू? बरं वाटलं मले. ओसरीवर पोरगी खोड्यात, अन् आत आमी दोघं नव्या नवरा-नवरीवानी एकमेकाले भाकर वाढून राह्यलो.

झुंबर म्हने, "लेकराले मेहकरहून आनाचं का?"

मी म्हनलं, "आनू."

पाचव्या दिवशी कोकिळानं भाकर घेतली नाई. पानीबी नाई. डोळे उघडे, पन पाहात कुठंच नाई. झुंबरनं पायावरचं फडकं उचललं अन् माह्याकडं पाहालं. मी जवळ गेलो. पाऊल सुजून वांग्यावानी झालेलं. ओसरीवर दुपारचं ऊन येई, त्या उन्हात ओल्या बाभळीनं पीळ धरला. वरची फळी एकीकडं मुरडली, खालची दुसरीकडं, अन् मधात घोटा. गुळगुळीत केलेली कड मासात गेली होती. बिजागरीचं चामडं कापलं, तरी फळ्या सुटेनात; खुंटी ठोकून पाहाली. हालत नाई. एक एक ठोका पोरीच्या हाडात जाई.

"कापा लागन," मी म्हनलं.

"कुठून?"

खुंटीच्या बाजूनं मोठी गाठ होती. तिथं करवत चालत नाई. राह्यली जागा पायापासून दोन बोटाची. दोन बोटं म्हनजे पोरगी एकदा हालली का संपलं.

सईदले बोलावलं, तिले धराले. त्यानं मागून कवळा घातला. तिच्यात जीव नव्हता असं वाटत होतं, पन करवत दिसली अन् तिनं सईदच्या हाताले असा चावा घेतला का तो उडाला.

"अरे बाप! भाबी, हिच्या तोंडात तं निवृत्तीच्या करवतीपक्षा जास्त दात हायेत!"

झुंबर हासली नाई. ती उठून आत गेली, अन् गेरूची वाटी घेऊन आली. सूत भिजवलं. एक टोक कोकिळाच्या हातात देल्लं, दुसरं सोता धरलं.

"कोके," ती म्हने. त्या नावानं तिनं पोरीले लय दिवसात हाक मारली नव्हती. "रेघ मार. बाबाले रेघ पायजे."

कोकिळानं सुताकडं पाहालं. मंग दोन्ही हातानं धरलं. जीभ बाहेर आली. मी मधात चिमटीनं उचलून सोडलं. फट्ट. लाल रेघ फळीवर पडली, थोडी तिच्या पायावरबी. मी ते रगत हाये का म्हनून दचकलो. रेघ मातर सरळ होती. पायापासून बरोबर दोन बोटं.

मी करवत लावली. बाभूळ ओली, दात अडके. घामानं डोळे भरले. मधातच ती कन्हली, तं झुंबरनं सूत जरा ताणलं, म्हने, धर, धर, सोडू नको. अन् तिनं सोडलं नाई. किती वेळ लागला ठाऊक नाई. सईद एका हातानं आपला दुसरा हात दाबून उभा, काई पुटपुटत होता. शेवटी फळी कडकन तुटली. वरचा तुकडा उचलला, पाय निंघाला.

मी तिच्या पायावर डोकं ठेवलं. तिनं तोच तुकडा उचलला अन् माह्या पाठीत घातला. एक बरगडी अजून थंडीत दुखते. सईद म्हने, "चला, ताकद वापस आली."

आठव्या दिवशी पाटील आले. कोकिळा ओसरीवर, पायाले हळद बांधेल. अंगनात खोडा दोन तुकड्यात.

"हे काय बे?"

"कापला, पाटील. नवा करनार नाई. ठान्यात लिहून द्याचं तं द्या. दुसरा वाढई आनाचा तं आना. तुमची तिफन भरून ठेवली हाये, ते घेऊन जा." झुंबर दारात उभी होती, अन् रातीच तिनं सांगितलं होतं, का आता मले झोप नको.

पाटलानं तुकडा उचलला. नखानं खरवडला. नाकाशी नेला.

"ओलं लाकूड?"

"हो."

"तू वापरलं? तू?"

मी मान खाली घातली. बापाचा मार खातानी बी मले एवढी लाज वाटली नव्हती. पाटलानं पोरीच्या पायाकडं पाहालं. घोट्याभवती मासाचं कडं पडलं होतं, ते हळदीतूनबी दिसे. मंग ते तो तुकडा हातात घेऊन बाजेवर बसले. मले वाटते त्याइले आठवलं, का खोडा कर म्हननारे आपनच.

"ठान्यात लिहत नाई," ते म्हने. "पन गावाचे लेकरंबी लेकरं हायेत."

दुसऱ्या दिवशी चार गडी बाभळीच्या काट्या घेऊन आले. माह्या अंगनाभवती त्याइनं कंबरेइतकी कुपाटी घातली, ढोरापासून पीक राखाले घालतात तशी. एकच फाटक. तवापासून लोक कुपाटीच्या बाहेर उभे राहून हाक मारत, वाढई हो, वखर आनला. मी फाटकातून घेई अन् फाटकातून देई. कुपाटीनं पोरगी नागपूरपासून वाचली, का गाव आमच्यापासून वाचलं, ते मले अजून समजलं नाई. मेहकरचं लेकरू आनलं नाई. काट्याच्या आत त्याले कशाले आनाचं?

कुपाटी घातली त्याच दिवशी, गडी गेल्यावर, दुपारी झुंबर भिंतीले टेकून बसल्या बसल्या पेंगाले लागली. मी म्हनलं, झोप वं, मी हाये. ती म्हने, तुमच्या हातात काम हाये. मी गेरूचं सूत घेतलं, एक टोक कोकिळाच्या हातात देल्लं, दुसरं माह्या पायाच्या आंगठ्याले बांधलं, अन् कुनब्याच्या वखराले पटाशी लावली. सूत ताणेल राह्यलं तं समजाचं, पोरगी बसेल हाये. ढिलं पडलं तं समजाचं, टोक सोडलं, उठली.

झुंबर आडवी झाली. डोळा लागला. सूत ताणेल होतं. मी वखराची एक बाजू काढली, दुसरी काढली. कुपाटीवर दोन चिमन्या बसल्या. झुंबर घोरून राह्यली होती, मले तो आवाज लय गोड लागला.

मंग सूत ढिलं पडलं. मी पटाशी ठेवली अन् उठलो.