माझ्या अंगावरची काळी पूड

मित्रांनो, मी एक जुनी ढवळणी आहे. स्वयंपाकघरातली नव्हे, प्रयोगशाळेतली. पळीला निदान दांडा तरी असतो, मला तोही नाही. बोटाच्या पेराएवढा चुंबक, त्यावर पांढऱ्या प्लास्टिकचं कवच, संपलं माझं रूप! मी काचेच्या भांड्यात तळाशी पडून असते. भांड्याखालच्या यंत्रातला चुंबक फिरू लागला, की मीही गरगर फिरते आणि वरचं सगळं ढवळून काढते.

कारखान्यातून निघाले ती थेट इथे आले. सुरुवातीला काय माझं कौतुक! रंग, औषधं, साबण, जे सांगाल ते ढवळलं. काम झालं की मला आम्लात बुडवायचे आणि मी पुन्हा पांढरीशुभ्र व्हायचे.

मग संशोधन करायला ताई आली. आधी ती कापडाच्या रंगांवर काम करायची. आता तिला चुंबकाची पूड बनवायची होती. साधीसुधी नाही हं! केसाच्या जाडीत हजारो कण मावतील इतकी बारीक. असे कण एका दिशेने बसवून दाबले, तर लहानसाच पण जबरदस्त चुंबक होईल आणि दुर्मिळ धातूही फारसे लागणार नाहीत, असं तिचं म्हणणं. हे सांगताना तिचे डोळे चमकायचे.

पण पूड काही मिळेना. ताई लोखंडाचे आणि कोबाल्टचे क्षार विरघळवायची, तापवायची, मी तासन्‌तास ढवळायचे आणि शेवटी भांड्यात पाहावं तर नितळ पाणी. तिने क्षार बदलले, आच कमीजास्त केली, हीटरला बोल लावला. चोर सोडून संन्याशाला फाशी! अहो, पूड तयार होतच होती. मी चुंबक, ते कणही चुंबक. जन्मले की सगळे मलाच येऊन बिलगायचे आणि मी काळीकुट्ट होऊन बाहेर यायचे. पण धुवायच्या भांड्यांत ढवळणीकडे कोण बघतं? रंगाच्या कामात अंगावर राहते ती घाणच, तीच सवय ताईच्या हाताला. ती मला सरळ आम्लात टाकायची आणि तिची मेहनत माझ्यादेखत विरघळून जायची. ओरडावंसं वाटायचं, पण मला तोंड कुठलं?

एके दिवशी तिचे सर म्हणाले, "हे बघ, आता शेवटचं एकदा कर. नाही जमलं तर विषय सोड." ताईने पुन्हा क्षार विरघळवायला घेतले. तिच्या इतक्या वर्षांच्या मेहनतीचं पाणी होणार होतं.

त्याही वेळी भांड्यात नितळ पाणीच निघालं. ताई स्टुलावर बसली, तिने डोळे पुसले आणि सवयीने मला चिमट्यात धरलं. माझा जीव टांगणीला लागला. पण त्या दिवशी आम्ल नवीन भरलं होतं, आणि नवीन आम्लात काही टाकायचं तर आधी पुसून टाकायचं, हा आमच्याकडचा नियम. तिने मला कागदाने पुसलं, माझ्यावरचं काळं कागदावर उतरलं, आणि तिने मला व कागदाला शेजारी ठेवलं. कागद हळूच सरकला आणि मला येऊन चिकटला. ताईने ओढून बाजूला केला, तो पुन्हा आला.

"सर, जरा इकडे या," ती कशीबशी म्हणाली. "पूड आहे. सगळी हिच्यावर आहे."

सरांनी वाकून पाहिलं. "काखेत कळसा आणि गावाला वळसा," ते म्हणाले आणि दोघंही हसत सुटले. हसता हसता ताईला रडू आलं.

पूड चांगली निघाली. पण तेव्हापासून ढवळायला वरून काचेची दांडी आली आणि मी गेले खणात. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

ताई आता स्वतःच मॅडम झाली आहे, केसही पिकले आहेत. परवा एका नव्या विद्यार्थिनीने खण आवरताना मला आम्लाकडे नेलं. मॅडमने तिचा हात धरला. "थांब गं. आधी पुसून बघ."

माझ्या ओरखड्यांत अजून थोडी पूड आहे. मुलीने पुसलं, कागद ठेवला, आणि तो सरकत माझ्याकडे आला. मुलगी बघतच राहिली.

मित्रांनो, काम फसलं असं वाटलं, तर भांडी धुवायच्या आधी एकदा ढवळणीकडेही बघा. आम्हाला बोलता येत नाही, पुसूनच बघावं लागतं.