पाचवी बाटली

रोपवाल्या काकूंच्या विहिरीच्या पाण्याला रॉकेलसारखा वास यायला लागून सात महिने झाले होते. विहिरीपासून चाळीस पावलांवर लष्करी तळाची भिंत आणि भिंतीपलीकडे इंधनाच्या टाक्या. वास कुठून येतो हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता. तळाच्या कार्यालयाला मात्र लागत होता.

काकूंची अख्खी रोपवाटिका त्या एका विहिरीवर. आधी झेंडूने मान टाकली, मग पेरूने, आता लिंबाची पानं पिवळी पडत होती. गंमत म्हणजे तळाच्या वृक्षारोपणाला दरवर्षी रोपं जायची ती काकूंकडूनच. त्यावर तळाला पर्यावरणाची ढाल मिळाली होती. ती संपर्क अधिकाऱ्यांच्या टेबलावर झळकत होती. काकूंनी नेऊन दिलेल्या पाण्याच्या चार बाटल्याही तिथंच होत्या, ढालीच्या मागे.

"साहेब, तपासलं का पाणी?"

"काकू, तुमच्याबद्दल आम्हाला फार आदर आहे." साहेब स्वभावाने गोड होते, हीच पंचाईत. भांडायला तोंड उघडावं तर समोर चहा. "पण पाणी प्रयोगशाळेत पाठवायचं तर ते दूषित असल्याचा कागद लागतो."

"तो कोण देतं?"

"प्रयोगशाळा."

घरी काकांनी विचारलं, "झाला चहा?"

"झाला."

"बिस्किटं?"

"आज दोन प्रकारची."

"मग प्रगती आहे."

काकूंनी पिशवी अशी आपटली की मांजर कपाटावर जाऊन बसलं.

पुढच्या सोमवारी त्या पाचवी बाटली घेऊन निघाल्या. फाटकावर नवा पहारेकरी होता. जुना काकूंना बघून नुसती मान हलवायचा. याने झाकण उघडलं, वास घेतला आणि तीन पावलं मागे सरला.

"काकू, हे आत जाणार नाही. पेट घेणारी वस्तू आहे."

"अरे बाबा, विहिरीचं पाणी आहे ते!"

"मला शिकवता? दोन वर्षं टाक्यांवर ड्यूटी केलीय. हे आमचं विमानाचं तेल आहे."

सात महिने जे वाक्य ऐकायला काकूंचे कान आसुसले होते, ते असं फाटकावर उभ्या उभ्या मिळालं.

"लिहून देतोस?"

"देतोस म्हणजे? द्यावंच लागतं. जप्तीची पावती असते."

पावतीवर शिक्का होता. संपर्क साहेबांनी ती दोनदा वाचली. त्या दिवशी चहा आला नाही.

आठवड्याने नोटीस आली. काकांनी मोठ्याने वाचली: 'आपल्या विहिरीत लष्करी इंधनाचा विनापरवाना साठा आढळला आहे. तो जप्त करण्यात येईल.'

"घ्या," काका म्हणाले. "आता चोर आपणच."

काकू लिंबाच्या वाफ्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या. संताप इतका होता की रडूही येईना. मग परत आल्या आणि नोटीस हातात घेतली.

"सही कुणाची?"

"तळप्रमुखांची."

"आणि तेल कुणाचं म्हणतात?"

"लष्कराचं."

"मग येऊ देत. नेऊ देत की त्यांचं तेल."

चौथ्या दिवशी टँकर आला. पाठोपाठ संपर्क साहेब, जप्तीचा फॉर्म घेऊन. एक टँकर भरला, दुसरा भरला. विहीर उपसली की पुन्हा भरायची आणि पुन्हा तोच वास. दुपारपर्यंत चार टँकर झाले. फॉर्ममध्ये 'एकूण साठा' असा रकाना होता आणि तो कोरा ठेवायची सोय नव्हती.

"काकू, हे संपत का नाही?"

"ते मला काय विचारता?"

साहेबांनी विहिरीत पाहिलं. मग सात महिन्यांत पहिल्यांदाच मान वर करून भिंतीकडे पाहिलं, बराच वेळ. खिशातून फोन काढून हळू आवाजात म्हणाले, "टाक्यांवर माणसं पाठवा. हो, आत्ताच."

काकूंनी ओट्यावरची कुंडी बाजूला सारली.

"बसा साहेब, चहा टाकते. पाणी तेवढं तुमच्याकडून मागवा."