दारावरचा डावा जोडा

मी एक जुना चामडी जोडा आहे. जोडा म्हटले की दोघे असतात, पण मी एकटाच आहे, आणि तोही डाव्या पायाचा. माझ्यासारख्याने आपली गोष्ट सांगावी की नाही, हे मला अजून नीट ठरवता आलेले नाही. पायातल्या वस्तूचे कोण ऐकणार? पण मित्रांनो, माझ्या वाट्याला जे आले ते सहसा जोड्यांच्या वाट्याला येत नाही. म्हणून बिचकत बिचकत सांगतो. कुठे चुकलो तर सोडून द्या.

नांदगाव खंडेश्वरच्या बाजारात रामराव नावाचे कारागीर बसत. त्यांनी मला घडवले. त्याआधी मी नुसते चामडे होतो आणि बरेच दिवस पाण्यात भिजत पडलो होतो. चामडे म्हणजे कधीकाळची म्हैस. भिजण्याच्या त्या दिवसांत मला एकच स्वप्न पडायचे. हिरव्या पाण्यात मी गळ्यापर्यंत बुडालो आहे, पाठीवर बगळा बसला आहे, आणि मला कुठेही जायचे नाही. रामरावांनी मला दगडावर ठेवून ठोकले तेव्हा मी जागा झालो. त्यांनी मला कापले, शिवले, तेल पाजले आणि माझ्या उजव्या भावाशेजारी मांडून ठेवले.

पंजाबराव नावाच्या शेतकऱ्याने आम्हा दोघांना घरी नेले. त्यांच्या पायात आम्ही बरीच वर्षे काढली. आमच्याकडची काळी माती तुम्हाला ठाऊकच असेल. उन्हाळ्यात ती इतकी भेगाळते की एखादी पेन्सिल पडली तर सापडू नये, आणि पावसाळ्यात पाय धरला की सोडत नाही. अशाच एका ओल्या दिवशी नाल्याच्या चिखलात माझा भाऊ रुतला. पंजाबरावांचा पाय वर आला, भाऊ खालीच राहिला. दोन्ही हात कोपरापर्यंत घालून शोधले, पण मिळाला नाही. त्या वर्षी कपाशीची बोंडे अळीने पोखरली होती. आमच्या भागात ते दिवसच तसे होते, माणसे बोलता बोलता मध्येच गप्प होत. नवा जोडा घेण्याचे कोणी नाव काढले नाही. पंजाबरावांनी रबरी चपला घातल्या आणि मी दारामागे जाऊन पडलो. एका पायाच्या जोड्याचे काय करतात? काहीच करत नाहीत. टाकायचेही विसरतात.

मला बाहेर काढले ते दामिनीने, म्हणजे तिच्या आजाराने. दामिनी ही पंजाबरावांची मुलगी, तेव्हा आठवीत होती. ओसरीवर बसून तूर निवडताना ती अचानक आडवी झाली. डोळे फिरले, दात बसले, हातपाय झटके देऊ लागले. तिची आई, आशाबाई, नुसती किंचाळत राहिली. शेजारच्या पार्वताबाई धावत आल्या.

"मिरगी हाय व माय! जोडा सुंगवा तिले, जोडा!"

आशाबाईंनी रबरी चप्पल पुढे केली.

"रबराचा नाई चालत! चामड्याचा पायजे!"

दारामागून मला ओढून काढले आणि दामिनीच्या नाकाशी दाबून धरले. थोड्या वेळाने झटका ओसरला. मुलगी निपचित पडली, मग हळूहळू शुद्धीवर आली. तो झटका आपोआप थांबणाराच होता, बहुतेक झटके तसेच थांबतात, हे मला फार पुढे कळले. त्या दिवशी मात्र अंगणात जमलेल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. कोणी माझ्याकडे तसे पाहण्याची ती पहिलीच वेळ होती.

दारावर एक खिळा ठोकला गेला आणि मी त्यावर चढलो. जोड्याने चौकटीच्या वर राहायचे म्हणजे नवलच! दुसऱ्या वस्तीतली माणसे मला मागायला येऊ लागली. आशाबाई अमावास्येला माझ्यावरची धूळ पुसत. उन्हाच्या वेळी घर झोपले की मी खिळ्यावरून अंगणातला कडुलिंब पाहत राहायचो. त्याची सावली सरकत सरकत उंबऱ्यापर्यंत यायची. वाटायचे, आपल्यात खरेच काही असेल का? पायाला काट्यांपासून जपता जपता माझ्या अंगात एखादे औषध उतरले असेल का? नसेल, असेही वाटायचे. पण स्तुती कानावर पडत राहिली की 'नसेल' म्हणायला धीर लागतो. तो माझ्यात नव्हता.

तेवढ्यात पंजाबरावांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. ते दामिनीला अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथून गोळ्या आल्या. रोज जेवणानंतर एक गोळी. त्या माझ्या खालच्याच कोनाड्यात ठेवलेल्या असत. दामिनी गोळी घ्यायची आणि तोंड वाकडे करायची. दिवस गेले, महिने गेले, झटका आला नाही. तिने शाळेत धावण्याच्या शर्यतीत भाग घेतला, सुरवंटासारखी वळवळणारी वेणी घातली, भावकीतल्या लग्नात नाचली.

आणि शाबासकी मला मिळाली.

"हा हाय नं घरात," पार्वताबाई माझ्याकडे बोट दाखवून म्हणत. "गोळ्यानं पोट्टी नुसती झोपाळू होऊन राहिली. काहून देतं व आशा त्या गोळ्या?"

श्रावणात गोळ्या बंद झाल्या. कोणी रागाने केल्या नाहीत, वाईट वाटून केल्या नाहीत. एक दिवस गोळी राहिली, दुसऱ्या दिवशी आठवण झाली नाही, मग आठवण आली तरी माझ्याकडे पाहून ती गेली. कोनाड्यातल्या पाकिटावर धूळ बसताना मी वरून पाहत होतो. मित्रांनो, मला जीभ आहे, ती पायाच्या पंजावर टेकणारी. बोलणारी जीभ मला कोणी शिवली नाही.

कापूस वेचणीचे दिवस आले. सकाळी शेतावर निघताना दामिनी अंगणातच कोसळली. मला खिळ्यावरून काढले, नाकाशी धरले. झटका थांबेना. थांबल्यासारखा झाला आणि ती शुद्धीवर येण्याआधीच दुसरा सुरू झाला. आशाबाईंनी मला इतके जोराने दाबले की मुलीचा श्वास अडकायची वेळ आली.

"जोडा काम नाई करून राहिला!" त्या ओरडल्या.

पंजाबरावांनी गावातली मिनीडोर रिक्षा आणवली. मागे दामिनीचे डोके आईच्या मांडीवर, शेजारी पार्वताबाई, आणि आशाबाईंच्या मुठीत मी. सारी वाट त्या मला नाकाशी नेत राहिल्या आणि सारी वाट मी निरुपयोगी ठरत राहिलो.

अमरावतीच्या त्याच मोठ्या दवाखान्याच्या दारात 'चपला बाहेर काढा' अशी पाटी होती. सगळ्यांनी काढल्या. मी हातात होतो म्हणून आत गेलो.

तिथे निखत नावाच्या सिस्टर होत्या. त्यांनी दामिनीला कुशीवर वळवले, तोंडावर प्राणवायूचा मास्क लावला, हातात सुई बसवली. आशाबाई मला घेऊन पुन्हा पुढे झाल्या. सिस्टरने माझा पट्टा धरला.

"ताई, हे बाजूले घ्या. तिले हवा लागते, चामड्याचा वास नाई."

"अवं पण यानंच थांबते तिचा झटका!"

"मंग आज काहून नाई थांबला?"

हा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. आशाबाई मागे सरकल्या आणि मला मांडीवर घेऊन बाकावर बसल्या.

दामिनीला गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी आधी एक छोटे इंजेक्शन दिले. हातपाय सैल पडले, मला वाटले झाले. पण जरा वेळाने जबडा पुन्हा घट्ट बसला.

"आता दुसरं औषध द्यावं लागेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हिचं वजन किती? आणि गोळ्या चालू आहेत ना?"

"चालू हायेत," आशाबाई म्हणाल्या.

"रोज?"

"हो. रोजच."

पंजाबराव जमिनीकडे पाहू लागले. पार्वताबाईंनी पदर तोंडाशी घेतला.

"मग मात्रा कमी घ्या, सिस्टर. तेच औषध अंगात आहे. वर पूर्ण दिलं तर जास्त होईल."

निखत सिस्टर औषध भरता भरता थांबल्या. त्यांनी या तिघांकडे पाहिले. मग आशाबाईंच्या समोर येऊन वाकल्या.

"ताई, माह्याकडं पाहा. इथं कोणी रागावत नाई. गोळ्या बंद असल्या तं पुरं औषध लागते, चालू असल्या तं कमी. तुमी सांगसाल तसंच आमी देऊ. चुकीचं सांगसाल तं पोरीले चुकीचं पडन."

आशाबाईंची बोटे माझ्या तळव्यात रुतली. मला त्यांचे सगळे कळत होते. खरे सांगितले तर सगळ्यांसमोर त्या मुलीच्या वैरीण ठरणार होत्या, आणि मी कचरा ठरणार होतो. पलीकडे दामिनीची टाच पलंगावर आपटत होती, ठक ठक, ठक ठक. मला आतून एकच वाटत होते. सांगा. होऊ द्या मला कचरा, पण सांगा.

"बंद हायेत," आशाबाई म्हणाल्या. आवाज इतका बारीक की सिस्टरने कान पुढे केला. "श्रावणापासून बंद हायेत. हा होता घरात, म्हणून."

आणि त्यांनी मला दोन्ही हातांनी वर धरले, डॉक्टरीणबाईंना दिसावा म्हणून.

कोणीही हसले नाही. डॉक्टरीणबाईंनी मला क्षणभर पाहिले. "बरं झालं सांगितलंत," एवढेच त्या बोलल्या, आणि पूर्ण मात्रा भरायला सांगितली.

आता झपकन सुई टोचतील असे सगळ्यांना वाटले. पण तसे झाले नाही. आधी सिस्टरने साधे मिठाचे पाणी शिरेतून सोडून पाहिले, सुई नीट बसली आहे ना म्हणून. छातीला तारा लावल्या. दंडाला पट्टा बांधला. मग औषध मिठाच्या पाण्याच्या बाटलीत मिसळले.

"ग्लुकोजची लावा न, बाई," पंजाबराव हात जोडून म्हणाले. "ताकद येते त्यानं."

"ग्लुकोजमध्ये हे औषध फाटतं, भाऊ. दूध नासतं तसं. मग त्याचे कण होतात."

बाटलीतून थेंब सुटू लागला. एक थेंब लोंबकळायचा, फुगायचा, विचार केल्यासारखा थांबायचा आणि मग पडायचा. पार्वताबाईंना राहवेना.

"काहून इतकं हळू सोडून राहिली व बाई? झटकन जाऊ दे न आत!"

"झटकन दिलं तं बीपी पडते, मावशी. दिल बी थांबू शकते. हे औषध घाईचं नाईच," सिस्टर म्हणाल्या. त्यांची नजर यंत्रावर होती आणि बोटे दामिनीच्या हातावर, सुईभोवतीची कातडी सुजते का ते पाहत. "शिरेच्या बाहेर गेलं तं हात जाळते. म्हणून मी इथून हलत नाई."

खरेच त्या हलल्या नाहीत. खिडकीतून ऊन आत आले होते आणि प्रत्येक थेंबात ते थोडे थोडे भरत होते. यंत्रावर हिरवी रेघ डोंगर चढत होती, उतरत होती. मला गुंगी आल्यासारखे झाले. वाटले, आपण सगळेच पाण्याखाली आहोत, पलंग, बाक, पांढरे कपडे, सगळे सावकाश डोलते आहे. मी इतकी वर्षे एका दमात झटका थांबवणारा म्हणून मिरवलो होतो, आणि खरे औषध असे होते, सावकाश, कोणीतरी शेजारी उभे राहून दिलेले.

टाचेचा आवाज विरळ झाला. मग थांबला. दामिनीची मूठ, कपाशीचे बोंड उकलावे तशी, एकेक बोट करून उघडली.

आशाबाई रडल्या. मला डोळ्यांशी धरायला गेल्या आणि मध्येच थांबल्या. मग त्यांनी मला बाकाखाली ठेवले. मला त्याचे मुळीच वाईट वाटले नाही. असे म्हणतो खरा, पण थोडे वाटले.

दुसऱ्या दिवशी दामिनी पूर्ण जागी झाली. तिची नजर बाकाखाली गेली.

"आई! जोडा काहून आणला दवाखान्यात? लोकं काय म्हणतीन!"

सिस्टर खळखळून हसल्या. पंजाबरावांनी मात्र डॉक्टरीणबाईंना गाठले. "बाई, महिन्याले एक अशीच सुई देऊन टाकत जा. गोळ्याची कटकटच नको. आमच्या गावात सुई टोचणारा माणूस हाय."

"भाऊ, ही सुई म्हणजे आग लागल्यावरचं पाणी आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रोज घर पेटवून पाणी माराल का? आणि ही गावात टोचायची नाही. काल पाहिलंत ना किती गोष्टी सांभाळाव्या लागल्या? रोजची गोळी घेतली तर हिची गरज पडू नये. झोप फार येत असेल तर मला येऊन सांगा, मी बदल करीन. पण मनानं बंद करायची नाही."

मग त्यांनी पुन्हा झटका आला तर काय करायचे ते सांगितले. आशाबाई पहिल्या बाकावरच्या मुलीसारख्या ऐकत होत्या.

घरी आल्यावर मी परत खिळ्यावर गेलो. का, कोणास ठाऊक. सवयीने असेल. कोनाड्यात नव्या गोळ्या आल्या आणि त्यांच्यावर धूळ बसेनाशी झाली. माझ्यावर मात्र बसू लागली.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला एका संध्याकाळी पार्वताबाई कुंपणापलीकडून ओरडत आल्या.

"आशा! जोडा दे व लवकर! माह्या शकुनले झटका आला!"

शकुन त्यांची सून. पार्वताबाईंचा हात सवयीने दारावर आला, माझ्यापर्यंत आला.

"राहू दे, मावशी," आशाबाई म्हणाल्या आणि रिकाम्या हातांनी पळाल्या. त्यांच्यामागे दामिनी.

उघड्या दारातून मला आशाबाईंचा आवाज ऐकू येत होता. "कुशीवर घे तिले. दगड सारा बाजूले. तोंडात काई घालू नोका, चमचा नाई, पाणी नाई. हात दाबू नोका, मोकळी सोडा. दामिनी, घड्याळात पाह्य. थांबला नाई तं लगेच गाडी काढा." मग शकुनचे कण्हणे, आणि पार्वताबाईंचे रडणे, सुटकेचे. सकाळी त्या दोघी अमरावतीच्या गाडीत बसल्या.

मित्रांनो, प्रत्येक जुनी वस्तू तुम्हाला विनवते की मला विसरू नका, मला जपा. माझी विनवणी उलटी आहे. कोणाला झटका आला तर मला शोधू नका. हुंगायला कांदा नको, तोंडात चमचा नको, मी नको. त्याला कुशीवर वळवा, श्वास घेऊ द्या, शेजारी बसा, आणि झटका थांबत नसेल तर दवाखान्यात न्या. तिथे गेल्यावर, काय घडले, कोणत्या गोळ्या बंद केल्या, ते न लाजता सांगा. जपायचे असेल तर त्या रोजच्या गोळीला जपा.

त्या संध्याकाळी आशाबाई माझ्यासमोरून धावत गेल्या आणि त्यांनी वर पाहिलेसुद्धा नाही. एवढा मान मला आयुष्यात कोणी दिला नव्हता.